कारखानीस सरांचा क्षार

मुलुंड पूर्वेला कारखानीस सरांना न ओळखणारा माणूस भेटला, तर तो एक तर कालच राहायला आलाय किंवा इंग्रजी शाळेत शिकलाय, असं खुशाल समजावं. बाकी रिक्षावाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत निम्मं मुलुंड कधी ना कधी सरांच्या वर्गात बाकावर उभं राहिलेलं आहे.

नंदकुमार कारखानीस. मराठी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं आणि आता निवृत्त झाले. म्हणजे कागदोपत्री झाले. माणूस अजून तासावरच असतो. भाजीवाल्याकडे जांभळा कोबी दिसला की सरांचे डोळे लकाकतात. "याचा रस काढ. त्यात लिंबू पिळ, गुलाबी होतो. सोडा घाल, निळा होतो. अरे, विकतोस काय नुसता, बघ तरी!" भाजीवाला बिचारा "हो सर, हो सर" करत कोबी पिशवीत कोंबतो आणि सुटका करून घेतो. मुंगी चावली म्हणून कुणाचं पोर रडत असेल, तर सर आधी त्याला मुंगीच्या नांगीतल्या आम्लाची हकिगत सांगतात आणि मग सोडा लावतात. पोर हकिगत ऐकून रडायचं थांबतं, हे मात्र खरं आहे.

या वेडाचं मूळ एका डागात आहे. सर पाचवीत असताना शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली. आईच्या नजरेस पडण्याआधी निपटून टाकावं म्हणून नंदू मोरीत गेला आणि पिवळ्या डागावर साबणाची वडी घासली. डाग लालभडक झाला. रक्त! नंदूनं अशी बोंब ठोकली की शेजारच्या बायका मोरीच्या दाराशी गोळा झाल्या. आईनं शांतपणे तांब्याभर पाणी ओतलं, साबण गेला आणि डाग पुन्हा पिवळा झाला. नंदूची बोंब जागच्या जागी थांबली. त्यानं परत साबण लावला. लाल. पाणी. पिवळा. साबण. लाल. संध्याकाळपर्यंत अख्खी वडी संपली आणि आईच्या हातचा सणसणीत धपाटा पाठीत बसला. साबणात आम्लारी असते आणि हळद तिला ओळखते, हे त्याला पुढे शाळेत कळलं. पण ते कळलं तेव्हा तो बाकावरून उठून ओरडला होता म्हणे, "हा माझा शर्ट आहे!"

आम्लारी हा शब्द सरांचा जीव की प्राण. वर्गात फळ्यावर तो लिहिला की हात झटकून विचारायचे, "फोड करा! आम्ल अधिक अरी. अरी म्हणजे?"

"शत्रू!" मागचे बाक गर्जायचे. हा एक शब्द मागच्या बाकांनाही येत असे.

"आणि आम्ल आणि त्याचा शत्रू भेटले की काय होतं?"

"क्षार आणि पाणी!"

"आणि क्षार म्हणजे?"

"मीठ, सर!"

"मीठ हा एक क्षार आहे, गाढवांनो! सगळे क्षार मीठ नसतात!"

इथं सरांचा आवाज हमखास चढायचा, कारण क्षार ही त्यांची दुखरी नस होती. आपल्या पुस्तकात क्षार म्हणजे जे इंग्रजीत सॉल्ट ते. हिंदी पुस्तकात मात्र क्षार म्हणजे चक्क आम्लारी. आणि घरोघरच्या स्वयंपाकघरात खार म्हटला की पापडखार, म्हणजे पुन्हा आम्लारीच. एकाच शब्दाची तीन घरं, आणि पोरं परीक्षेत नेमक्या चुकीच्या घरात शिरायची. सरांनी यावर जालीम उपाय काढला. शब्द वापरून वापरून पक्का करायचा. वर्गात तर करायचाच, पण घरीसुद्धा. त्यामुळे लग्न झाल्यापासून त्यांनी जेवताना मीठ मागितलेलं नाही. "मृणालिनी, क्षार दे जरा," असंच मागितलं. मृणालिनीबाई विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या, दिवसभर शंभर माणसांची समजूत घालायच्या. घरी आल्यावर आणखी एकाची घालण्यापेक्षा मिठाची बरणी पुढे सरकवणं त्यांना सोपं वाटलं.

असा हा माणूस. याच्या पोटी एकुलती एक मुलगी, अबोली. घाटकोपरच्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट आहे. क्रिकेट खेळताना गुडघा दुखावून घेतलेला नितेश राऊळ तिथं उपचाराला आला आणि गुडघा बरा झाल्यावरही येत राहिला. तो पवईला एका ऑफिसात नोकरीला. वडील लवू राऊळ महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते, म्हणजे रस्त्याखालच्या जाड नळाची चावी फिरवून कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. आजोबा गिरणीत. गाव कुडाळकडचं, राहणं नाहूरला. मुलांचं ठरलं होतं, मृणालिनीबाईंना पसंत होतं, सरांना तर जावई मराठी शाळेत शिकलेला आहे एवढंच पुरे होतं. अडलं होतं ते लवू राऊळांपाशी.

नितेशनं बापाचं म्हणणं अबोलीला जसंच्या तसं सांगितलं होतं आणि अबोलीनं ते घरी. "माका काय नको. मानपान नको, देणाघेणा नको. शिकल्यासवरल्याच्या घरात तुझ्या आवशीक कोण कमी लेखता काय, इतक्याच बघतलंय. मगेच हो म्हणतलंय."

म्हणजे रविवारी जेवायला येणार होते ते जेवायला नव्हे, तर नितेशच्या आईला कुणी कमी लेखतं का ते बघायला. मुलीकडच्यांनी मुलगी दाखवायची ते दिवस गेले, आता आईबाप दाखवायचे, असं मृणालिनीबाई म्हणाल्या. पण सकाळी सहापासून त्या घर पुसत होत्या.

अबोलीनं शनिवारीच बापाला समोर बसवलं.

"बाबा, उद्याचा एक दिवस. केमिस्ट्री नाही."

"अगं, मी काय मुद्दाम..."

"मुकुलदादाच्या लग्नात काय केलंस?"

 मुकुल सरांचा पुतण्या. त्याच्या लग्नात त्यांनी नवरीच्या हळद लागलेल्या हातावर साबणाचा फेस चोळला होता. नुसती गंमत म्हणून. हात लाल झाला, नवरीची आजी "रगत, रगत!" करत मटकन खाली बसली आणि तिकडचे लोक अजूनही सरांकडे बघून मुलं आत घेतात.

"लिटमस नाही. हळद नाही. आम्ल नाही, आम्लारी नाही. आणि बाबा, मीठ हवं असेल तर मीठ म्हणायचं."

"मीठ," सर कडू औषध घेतल्यासारखं म्हणाले. "बरं. वचन."

रविवारी राऊळ मंडळी आली. लवू राऊळ उंच, ताठ, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, आणि आयुष्यभर चाव्या फिरवून मनगटं अशी की सरांचा हात त्यांच्या हातात गेला तो जरा वेळानं परत आला. माणूस सोफ्याच्या कडेवर बसला. पाठ टेकली नाही. त्यांच्या पत्नी मालनताई लहानशा, हसऱ्या, हातात पिशवी. त्या तर बसल्याच नाहीत.

"तुम्ही पाहुण्या आहात मालनताई, बसा ना," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"बसून काय करू? सोलकढी माझ्या हातची. नितेश सांगता, अबोलीला आवडते म्हणून. कोकमाचं आगळ गावचं आणलंय, नारळाचा रस पण काढून आणलाय. नुसती कालवायची ती." आणि त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

लवू राऊळांची नजर त्यांच्या पाठोपाठ दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. ती नजर काय टिपते आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. सर, मृणालिनीबाई, अबोली आणि नितेश असे चौघे जण चेहऱ्यावर नको तितकं हसू घेऊन बसले.

बोलणं काही केल्या वाहीना. उकाडा झाला. पार्किंग झालं. मग नितेशनं विषय पाण्यावर आणला, वडील खुलतील म्हणून. आणि ते खुललेही जरासे. कुठली लाइन कधी फुटली, कुठल्या सोसायटीनं कसे हात जोडले, असं बोलता बोलता म्हणाले, "आपल्यासारखा पाणी कुठं नाय, सर. मी पैजेवर सांगतो."

सरांच्या अंगात वारं शिरलं. "अगदी! कारण आपल्या पाण्याचा सामू..."

अबोलीनं डोळे वटारले, पण उशीर झाला होता. सामू म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं की आम्लारीकडे, ते सांगणारा आकडा. इंग्रजीत ज्याला पीएच म्हणतात तो. सर तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबले.

लवू राऊळांनी भुवया वर केल्या. "सामू? सामू सावंत? तुम्ही ओळखता त्याला?"

"हो... म्हणजे..."

"भला माणूस. रिटायर झाला गेल्या साली. आता गावी आंब्याचं बघतो."

"हो का? अरे वा," सर म्हणाले. "भेटले तर नमस्कार सांगा."

एवढं झाल्यावर त्या खोलीत आणखी बसणं सरांना धोक्याचं वाटलं. पाणी आणतो असं सांगून ते स्वयंपाकघरात सटकले. आणि तिथं ओट्यावर, मोठ्या टोपात, ती होती. मालनताई आगळाची धार सोडत डाव फिरवत होत्या आणि पांढऱ्या नारळरसात लाल रेघा पसरत पसरत तो गुलाबी, गुलाबी होत चालला होता. सरांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि जिभेवर शब्द सुटले. कोकमातला हा रंग म्हणजे निसर्गानं फुकट दिलेला दर्शक! आम्लात लाल, आम्लारीत निळा! ओठ घट्ट मिटून त्यांनी ते सगळं गिळलं. वचन म्हणजे वचन.

मालनताईंनी वाटीत घोटभर कढी पुढे केली. "बघा बरं, सर."

सरांनी ती भुरकली आणि डोळे मिटले. "फर्मास! मालनताई, असली कढी मी जन्मात प्यायलो नाही. फक्त क्षार जरा कमी वाटतोय बघा."

इतकं सहज निघालं की आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाही जाणवलं नाही. मृणालिनीबाईंनी बाहेरून ताटांसाठी हाक मारली आणि सर ताटं घेऊन धावले. मालनताई मागून "हो सर" म्हणाल्या, तेही त्यांनी नीट ऐकलं नाही. पुढे थोड्याच वेळात मृणालिनीबाईंनी मालनताईंना आग्रहानं बाहेर आणलं, हात धरून पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं. टोप ओट्यावर झाकलेला राहिला.

जेवण सुरू झालं. सुरमई तळलेली, वालाची उसळ, तांदळाची भाकरी. लवू राऊळ मन लावून जेवत होते आणि दोनदा "बरा झाला हा" असं पुटपुटलेही. अबोलीनं नितेशकडे बघून हळूच भुवई उडवली. गाडी रुळावर येत होती. मृणालिनीबाईंनी टोप आणला, झाकण काढलं आणि काचेच्या पहिल्या ग्लासात डावभर कढी ओतली.

कढी निळसर होती. निळीचं पाणी राखेत मिसळावं तशी करडी, मातकट निळी. दुसऱ्या ग्लासातही तीच. मृणालिनीबाईंचा डाव हवेतच राहिला. 

"मालन!" लवू राऊळांचा आवाज कडाडला. "ह्या काय गो केलंस?"

मालनताईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"जन्मभर कढी करतंस आणि आजच? लोकांच्या घरात येवन अशी शोभा? इतक्या पण समजना नाय तुका?"

"बाबा, राहू दे ना यार," नितेश पुटपुटला.

"चुकला माझा," मालनताई ताटाकडे बघत म्हणाल्या. 

आता सरांचं सांगायचं, तर खरं ते सांगितलं पाहिजे. त्या घटकेला त्यांना ना मालनताईंचा चेहरा दिसला, ना लवू राऊळांचा राग. त्यांना ग्लास दिसला. निळी! अरे, निळी झाली! शाळेच्या प्रयोगशाळेत आगळाचे एवढे प्रयोग केले, पण नारळाच्या रसात असा रंग कधी पाहिला नव्हता. त्यांच्या पोटात पाचवीतला नंदू आनंदानं उड्या मारत होता. यात आम्लारी पडली! कुणीतरी आम्लारी घातली! पण घरात आम्लारी कुठली? सोडा संपलाय. मग? पापडखार. मसाल्याच्या कप्प्यात पापडखाराची पुडी आहे. पण कढीत खार कोण घालेल? खार...

आणि मग त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं. क्षार जरा कमी वाटतोय बघा.

पाचवीतला नंदू पटकन खाली बसला. सरांनी मालनताईंकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्या सांगत नव्हत्या. त्यांनी चूक पदरात घेऊन टाकली होती, एखादी सांडलेली वाटी उचलावी तशी. विषय मिटला होता. सर गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं, आणि दिलेलं वचनही पाळलं गेलं असतं. अबोली डोळ्यांनी विनवतच होती, बाबा, प्लीज, आत्ता नको. हिचं लग्न या माणसाच्या एका होकारावर अडलंय, आणि आपण तोंड उघडलं की काय होतं ते मुकुलच्या लग्नात सगळ्यांनी पाहिलंय.  ते उभे राहिले.

"लवूभाऊ, थांबा. त्यांना बोलू नका. ही चूक माझी आहे."

"सर, जाऊ दे ना," मालनताई घाईघाईनं म्हणाल्या.

"नाही जाऊ देणार. मी आत जाऊन कढी चाखली आणि म्हणालो, क्षार कमी आहे. मला म्हणायचं होतं मीठ. मीठ! पण मी मिठाला क्षार म्हणतो. सगळं आयुष्य म्हणत आलो. त्यांनी ऐकलं खार, आणि घातला पापडखार. बरोबर ना, मालनताई?"

मालनताईंनी मान हलवली. मग, बोलू की नको असं करत, हळूहळू बोलल्या. "माझ्या मनात आलं, कढीत खार? आगळच्या कढीत? आमच्यात कोणी घालत नाय. पण म्हटलं, सर एवढे शिकलेले, यांच्यात घालत असतील. आपण कशाला इचारून अडाणीपणा दाखवायचा? म्हणून घातला. चमचाभर. तेवढ्यात यांनी हात धरून बाहेर नेलं, ढवळून बघितलंच नाय."

सरांना कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. कढी बिघडेल हे या बाईला पक्कं माहीत होतं, आणि केवळ आपण सांगितलं म्हणून तिनं आपल्या हातांवर अविश्वास दाखवला. वर्गात एवढी वर्षं घसा फोडून शिकवलं की पटत नसेल तर विचारा, आणि घरात आलेल्या पाहुणीला मात्र आपलीच भीती वाटली. त्यांचे कान लाल झाले.

"मालनताई, तुमचं ज्ञान शंभर टक्के बरोबर होतं. मूर्ख मी. माझा शब्द मूर्ख." आणि मग, एकदम काहीतरी सुचून, ते जवळजवळ ओरडलेच, "कढी फेकू नका! आगळ उरलंय का?"

"अर्धी बाटली हा."

सर अबोलीकडे वळले. "पोरी, मी वचन दिलंय. पण..."

अबोलीचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "कर, बाबा. मोड. मोडच ते."

बस्स, झालं! सरांनी बाह्या सरसावल्या. ताटं बाजूला सरकवली, निळ्या कढीचा ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बाटली आणून मालनताईंच्या हातात दिली. "मी नाही. तुम्ही ओता. तुमची कढी आहे, तुमच्याच हातानं परत येऊ दे. सावकाश. लवूभाऊ, इकडे या, असे समोरून बघा!"

मालनताईंनी धार सोडली. ग्लासातून फस्सकन फेस उसळला आणि काठावरून उतरून टेबलक्लॉथवर पसरला. मालनताई "अगो बाय!" करून मागे सरल्या. "थांबू नका, ओता!" सर नाचत होते, अक्षरशः नाचत होते. फेसाखाली निळा रंग आधी जांभळट झाला, मग जांभळ्यात लाली शिरली, आणि बघता बघता अख्खा ग्लास गुलाबी झाला. तासापूर्वी टोपातली कढी होती तसा.

"आईशप्पथ!" नितेश म्हणाला.

 लवू राऊळ खुर्चीतून उठून वाकले होते आणि त्यांचं नाक ग्लासापासून वीतभरावर आलं होतं.

"परत करा," ते म्हणाले.

सरांना आयुष्यात यापेक्षा गोड शब्द कुणी ऐकवले नव्हते. दुसरा ग्लास आला. यावेळी धार लवू राऊळांनी सोडली. तिसऱ्या ग्लासात सरांनी नुसतं आगळाचं पाणी घेतलं आणि मृणालिनीबाईंना चिमूटभर खार टाकायला लावला. पाणी फसफसलं. आणखी एक चिमूट, आणखी एक, आणि लाल पाणी काळपट निळं होत गेलं. अबोलीनं लिंबू कापून आणलं. मासे थंड झाले, भाकऱ्या कडक झाल्या, टेबलक्लॉथची पार वाट लागली, आणि त्या जेवणाच्या टेबलाभोवती सहा मोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी एकमेकांचे हात ढकलत होती. "आता मी!" "अहो, तुम्ही आत्ताच केलंत!" "बाबा, सरक ना!"

"हे काय होतं सांगू?" सरांचा आवाज फळ्यासमोरचा झाला होता. "आगळात आम्ल. खारात आम्लारी, म्हणजे आम्लाचा शत्रू. दोघं भेटले की अशी जुंपते की दोघंही संपतात. वायू उडून जातो, तो हा फेस. मागे राहतं पाणी आणि क्षार. म्हणजे मीठ! मिठाचा एखादा भाऊबंद म्हणा. आणि कोकमाचा रंग आपल्याला नुसतं सांगतो, आत्ता कोण जिंकतंय ते."

"पाणी तयार होतं?" लवू राऊळांनी विचारलं. "यात?"

"होतं! थोडंसंच, पण नवं कोरं!"

"अरेच्च्या. मग एवढ्या लांबून तानसा-भातसाचं पाणी आणून मी जन्मभर चावी कशाला फिरवली?"

आधी नितेश हसला, मग सगळेच. लवू राऊळसुद्धा, खांदे गदगदा हलवत. "आणि माका तर खार म्हणजे रेल्वे स्टेशनच वाटला," ते म्हणाले, आणि मालनताईही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

ते पाणी लवू राऊळांना दिसलं. त्यांचं हसू ओसरलं. ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले, हातातला रिकामा ग्लास फिरवत राहिले.  अबोलीनं नितेशचा हात टेबलाखाली घट्ट धरला होता. सर मात्र हातात लिंबाची फोड धरून तसेच उभे. आपण पुन्हा जास्त केलं की काय, अशी भीती त्यांना वाटायला लागली.

"सर," लवू राऊळ म्हणाले, "मी इकडं जेवायला नव्हतो आलो. पोरानं सांगितलंच असणार तुम्हाला."

"सांगितलं," सर कसेबसे म्हणाले.

"माझ्या बायकोला तुमच्या घरात कोण कमी लेखतंय काय, ते बघायला आलो होतो. आल्यापासून बघत होतो. कोणी नाय लेखलं. लेखलं ते एका माणसानंच, सगळ्यांसमोर, काय झालं ते न विचारता." त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. "तुमची परीक्षा घ्यायला आलो होतो सर. नापास मी झालो."

 कारखानीस सरांनी हजारो पोरं पास-नापास केली होती, पण असा विद्यार्थी त्यांना कधी भेटला नव्हता. त्यांचे डोळे चुरचुरायला लागले.

लवू राऊळांनी टोप स्वतःकडे ओढला. उरलेल्या कढीत आगळ घातलं, फेस बसेपर्यंत डाव फिरवला, ग्लास भरला आणि उठून, टेबलाला वळसा घालून, तो बायकोसमोर नेऊन ठेवला. "आधी तू घे," ते म्हणाले. "आणि काय ता तूच सांग. मी नाय बोलणार."

मालनताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांना हा माणूस पहिल्यांदाच कुणी दाखवला होता. मग त्यांनी ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. सगळं टेबल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांनी तो घोट तोंडात घोळवला, गिळला, आणि ओठ पुसले.

"वायट झाली हा," त्या ठसक्यात म्हणाल्या. "कोणी पिव नका. तारीख काढा."